अकोल्याला जमीन-पाणी-जंगलाचं शिकून पुढे काय? बारावी झालेल्या पोरीला माझं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळकडच्या दारव्हा तालुक्यातली पोरगी, बारावी सायन्स, ग्रुप पीसीएमबी म्हणजे गणित आणि जीवशास्त्र दोन्ही, घरी पाच एकर कोरडवाहू, कपाशी आन तूर. तिला नैसर्गिक साधनसंपत्तीच्या संवर्धनाचं शिकायचं आहे, म्हणजे माती, पाणी, जंगल. घरचे म्हणतात त्यात नोकरी नाही, फार्मसी कर. ती विचारते की अकोल्याच्या कृषी विद्यापीठात असं शिकायला मिळतं का, पुढे काय करता येतं, आणि मुलीला फील्डचं काम जमतं का.

लेकीच्या वयाची आहेस म्हणून तू म्हणतो, राग मानू नको. मी अकोल्यालाच कृषी अभियांत्रिकी केली आणि तेव्हापासून, म्हणजे वीसेक वर्षं झाली, यवतमाळ, वाशिम, अकोला आणि मधली काही वर्षं गोंदियाकडे पाणलोटाचंच काम करतोय, पाणलोट म्हणजे ज्या जमिनीचं पावसाचं पाणी वाहून एकाच नाल्यात येतं तो भाग. त्यामुळे लांबलचक लिहितोय, सावकाश वाच.

पहिली गोष्ट, "नैसर्गिक साधनसंपत्ती संवर्धन" अशा नावाची पदवी शोधत बसू नको. तो विषय आपल्याकडे तीन-चार शाखांत वाटलेला आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यात आहे. तिथे बी.टेक. कृषी अभियांत्रिकी आहे, त्यात मृद व जल संवर्धन हा अख्खा विभागच आहे. बी.एस्सी. ऑनर्स कृषी आहे, त्यात मृदशास्त्र येतं पण बाकी पिकं, कीड, रोग, अर्थशास्त्र सगळंच थोडं थोडं येतं. आणि बी.एस्सी. ऑनर्स वनशास्त्र आहे, ते अकोल्यातही आहे आणि कोकणात दापोलीलाही. तिन्ही चार वर्षांचे, प्रवेश सीईटीतून. अभियांत्रिकीला गणित लागतं, तुझं आहे म्हणजे तिन्ही दारं उघडी आहेत. शिवाय नागपूर, अमरावती आणि गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाच्या कॉलेजांतून साधी बी.एस्सी. करून भूगर्भशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्राकडे वळणारी पोरंही मी पाहिलीत, त्यातली काही फार चांगलं काम करतात. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाच, कॅफेवाल्याच्या भरवशावर ऑप्शन फॉर्म भरू नको, एवढं ऐक माझं.

आता कोणती शाखा. माझं स्पष्ट मत आहे की तुला पाण्या-मातीची ओढ असेल आणि गणिताची भीती नसेल तर अभियांत्रिकी घे, कारण या कामात सगळ्यात जास्त टंचाई कशाची आहे तर मोजणाऱ्या माणसाची. भाषण देणारे, झाडं लावून फोटो काढणारे भरपूर आहेत. मोजून सांगणारे फार कमी.

मोजणं म्हणजे काय ते तुझ्याच वावरावर सांगतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. तुझ्या बाबांची पाच एकर म्हणजे साधारण दोन हेक्टर. जुलैत एखाद्या दुपारी ५० मिमीची झड आली तर तुमच्या वावरावर दहा लाख लिटर पाणी पडलं, म्हणजे दहा हजारी टँकर धरला तर शंभर टँकर, आणि त्यातलं ४० टक्के वाहून गेलं तर चाळीस टँकर तुमच्या धुऱ्यावरून नाल्यात गेले, तेही एका दुपारी. आता मातीचं बघ. त्या पाच एकरावरून फक्त एक मिलिमीटर थर गेला, डोळ्यांना दिसणारही नाही इतका, तर वीस घनमीटर माती गेली, म्हणजे सात ब्रास. ट्रॅक्टरच्या सात ट्रॉल्या भरून कोणी वावरातली माती नेली तर बाबा काठी घेऊन धावतील की नाही? पाणी नेतं तेव्हा कोणाला कळतही नाही. हे ज्या दिवशी मला पहिल्यांदा आकड्यात समजलं त्या दिवसापासून पाऊस आला की मी नाल्याच्या पाण्याचा रंग बघतो, ती सवय अजून गेली नाही.

पण नुसतं पुस्तकातलं मोजणं घेऊन फील्डवर गेलीस तर काय होतं ते माझ्याच चुकीवरून सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. एका गावात माती नाला बांध घ्यायचा होता, सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट, किती रुंद ठेवायचा ते काढायला नकाशावरून पाणलोट क्षेत्र मोजलं, ४० हेक्टर आलं. सूत्र सोपं आहे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिकवतात, वाहून जाण्याचा गुणांक, म्हणजे पडलेल्या पाण्यातला किती हिस्सा वाहतो तो, गुणिले पावसाची ताशी तीव्रता मिलिमीटरमध्ये गुणिले हेक्टर, भागिले ३६०. गुणांक ०.४ धरला, तीव्रता ८०, उत्तर आलं सेकंदाला साडेतीन घनमीटरच्या आसपास. त्या हिशेबाने सांडवा काढला, कागद एकदम बरोबर होता, वरच्यांची सही झाली, बांध झाला. पुढच्याच पावसाळ्यात एका रात्री पाणी बांधावरून गेलं आणि मधोमध फुटला, खालच्या माणसाची दीड एकर तूर गाळाखाली. सकाळी मी गेलो तर तो काही बोलला नाही, नुसता उभा होता. शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं, "मले इचारलं अस्तं तं सांगतलं अस्तं बापा, रोड झाल्यापासून तिकळचं पानी बी याच नाल्यात येते." नकाशा जुना होता, रस्ता नंतर झाला होता, आणि रस्त्याच्या बाजूच्या नालीने पलीकडचं जवळपास वीस हेक्टरचं पाणी इकडे वळवलं होतं. ६० हेक्टर धरून तेच सूत्र मांडलं तर सव्वापाचच्या वर जातं. सूत्र खोटं नव्हतं, मी पाय वापरले नव्हते. त्या माणसाला भरपाई मिळवायला मला तीन वर्षं कागद फिरवावे लागले आणि पूर्ण मिळाली नाहीच. त्या दिवसापासून नाल्याच्या उगमापर्यंत चालल्याशिवाय आणि गावातल्या किमान दोन म्हाताऱ्यांना विचारल्याशिवाय मी कुठल्याच कागदावर सही करत नाही.

म्हणून माझा खरा सल्ला शाखेपेक्षा वेगळा आहे. चार वर्षांसाठी एक नाला धर. तुझ्याच गावचा. सुट्टीत घरी येशील तेव्हा त्याच्या उगमापासून खालपर्यंत चालायचं, दरवर्षी. उभ्या बाजूची काचेची किंवा प्लॅस्टिकची बरणी अंगणात मोकळ्या जागी ठेव, पाऊस झाला की पट्टीने पाणी मोज, तेच मिलिमीटर. नाल्याला पूर आला की एक बाटली गढूळ पाणी भरून आण आणि खिडकीत ठेव, दुसऱ्या दिवशी तळाला किती बोटं गाळ बसला ते बघ. गावातल्या तीन विहिरी निवड, दोरीला दगड बांधून दर महिन्याला पाणी किती खोल आहे ते लिहून ठेव, तू अकोल्याला असशील तेव्हा हे काम लहान भावंडाला दे. चार वर्षांनी तुझ्याकडे जी वही असेल ती तुझ्या वर्गात कोणाकडे नसेल, मुलाखतीत ती वही टेबलावर ठेवशील तर समोरचा माणूस मार्कशीट बाजूला ठेवून ती आधी उघडेल. मी स्वतः दोन पोरांना अशाच वह्या बघून कामावर घेतलं आहे.

माती शिकताना एक गोष्ट लक्षात ठेव की आपली काळी जमीन पुस्तकातल्या साध्या मातीसारखी वागत नाही. तिच्यात फुगणारी चिकणमाती खूप. एप्रिल-मे मध्ये भेग पडते तेव्हा सायकलच्या चाकाची तार घे आणि भेगेत सोड, बहुतेक वेळा अख्खी तार आत जाते. पहिला पाऊस या भेगा गटागटा पितात, मग माती फुगते, भेग बुजते, आणि त्यानंतर पाणी मुरायचा वेग इतका कमी होतो की वरचं पाणी एकतर साचून कपाशी पिवळी पाडतं नाहीतर माती घेऊन पळतं. म्हणून मुरमाड टेकडीवर जे सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एकाच पातळीत खोदलेले चर, सोन्यासारखं काम करतात ते भारी काळ्या वावरात तसेच्या तसे खोदायचे नसतात, तिथे रुंद वरंबा सरी लागते, म्हणजे जास्तीचं पाणी सरीने हळूच निघून जातं आणि थोडं थांबून मुरतंही. शेततळ्याचंही तसंच, मुरमात खोदलं तर प्लॅस्टिकचं अस्तर लागतंच, नाहीतर दिवाळीच्या आत कोरडं, आणि घट्ट चिकणमातीत पाणी बऱ्यापैकी टिकतं. एकच नमुना सगळ्या जिल्ह्याला लावणाऱ्या योजनांनी आपलं फार नुकसान केलंय, आणि ते थांबवायला माती ओळखणारा माणूस टेबलाच्या त्या बाजूला बसलेला पाहिजे. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरोचं मुख्यालय आहे, देशाच्या मातीचे नकाशे तिथे होतात, कॉलेजमधून सहल निघाली तर चुकवू नको.

आणि अकोल्याला शिकशील तर खारपाणपट्टा तुझ्या दारातच आहे, पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंनी अकोला, अमरावती, बुलडाणा असा पसरलेला. तिथे विहीर खोदली तर पाणी लागतं पण खारं, ना पिकाला ना पिण्याला. तिथला शेतकरी आभाळाकडे बघतो ते फक्त पिकासाठी नाही, गोडं पाणी त्याला वरूनच मिळतं, त्यामुळे तिथे शेततळं म्हणजे जीवनरेखा आहे. मी विद्यार्थी असताना तिथल्या एका आजीने मला तिच्या विहिरीचं पाणी प्यायला दिलं होतं, मुद्दाम, घोट घेतला आणि थुंकावंसं वाटलं, ती म्हणाली, "आमी असं पेलो चाळीस वर्स". क्षार मोजायचं यंत्र प्रयोगशाळेत सगळेच हाताळतात, पण त्यावरचा आकडा मला त्या घोटानंतर समजला.

वनशास्त्र घेतलंस तर? तेही वाईट नाही, उलट पूर्व विदर्भात त्याची गरज वाढते आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक वनहक्क मिळायला लागले. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तुला माहीत असेल, देवाजी तोफांचं गाव, २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीच्या पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. लोक ही गोष्ट तिथेच संपवतात. पण हक्क मिळाल्यावर खरं काम सुरू होतं, बांबूच्या रांज्या म्हणजे बेटं किती, त्यात या वर्षीचे कोंब किती, तोडण्यालायक पक्के बांबू किती, किती तोडले तर रांजी टिकते, कोणत्या तुकड्याला किती वर्षं विश्रांती द्यायची, तेंदू आणि मोहाचं काय. हे मोजून ग्रामसभेला आराखडा करून देणारी वनशास्त्राची पोरं हवी आहेत, आणि ती गोंडी किंवा झाडीबोली समजणारी असली तर फारच चांगलं. ताडोबा-मेळघाटात वाघ बघायची हौस म्हणून वनशास्त्राला जाऊ नको, तिथे चार वर्षं गवत आणि झाडंच ओळखायची आहेत.

गोंदियाकडे असताना मी मामा तलाव पाहिले, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर मिळून हजारो आहेत, कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधत आणलेले. १९५१ च्या आसपास मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले, आणि पाळ दुरुस्त करायची, गाळ काढायची गावाची पद्धत हळूहळू मोडली. एका तलावाचा नुसता गाळ काढला तर सगळे खूश झाले पण मासे कमी झाले. मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाच्या बायांशी बोललो तेव्हा कळलं की काठाच्या उथळ पाण्यातल्या वनस्पती मशीनने खरवडून काढल्या, माशांना अंडी घालायला जागाच उरली नाही, आणि बेशरमाची झुडपं मात्र काठाने परत माजली. तिथे मला अभियांत्रिकी अपुरी पडली, वनस्पती ओळखणारं माणूस सोबत लागलं. म्हणून सांगतो, कोणतीही शाखा घे, दुसऱ्या शाखेच्या पोरांशी मैत्री ठेव, हॉस्टेलला ते सहज होतं.

आता नोकरी, घरच्यांचा मुद्दा. पटकन सांगतो. यूपीएससीची भारतीय वन सेवा आणि एमपीएससीची महाराष्ट्र वनसेवा, दोन्हीला कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकी चालतं. बँकांत कृषी क्षेत्र अधिकारी भरती निघते त्याला या तिन्ही पदव्या चालतात, माझ्या बॅचचे कितीतरी तिथे आहेत. कृषी विभाग, मृद व जलसंधारण विभाग, भूजल सर्वेक्षण यंत्रणा, नागपूरचं सुदूर संवेदन केंद्र, पाणलोटावर काम करणाऱ्या संस्था. अभियांत्रिकीवाल्यांना गेट या एम.टेक. प्रवेशाच्या परीक्षेत कृषी अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे, चांगला स्कोअर आला तर खरगपूरच्या आयआयटीत जमीन-पाण्याचंच एम.टेक. करता येतं. जाहिरातीत कोणत्या पदाला कोणती पदवी चालते ते मात्र नीट वाचायचं, नाव सारखं दिसतं पण पात्रता स्थापत्यवाल्यांचीच निघते, हा अन्याय आमच्या पोरांनी बराच भोगलाय. आणि खरं सांगायचं तर सरकारी जागा कमी, उमेदवार खूप, तीन-चार वर्षं तयारीत जातात. म्हणून कॉलेजात असतानाच क्यूजीआयएस शीक, नकाशे करायचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यावर पाणलोटाचा नकाशा स्वतः काढता आला तर संस्था आणि सल्लागार कंपन्या पहिल्या दिवसापासून काम देतात. पगार सुरुवातीला फार नसतो, हे बाबांना आधीच सांगून ठेव.

खर्चाचं म्हणशील तर सरकारी कृषी कॉलेजची फी खाजगी फार्मसीच्या मानाने कमीच असते, आणि २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी राज्य सरकार पूर्ण भरतं, त्यात कृषीचे अभ्यासक्रम येतात. एससी-एसटीला वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमीलेयर आत्ताच काढायला टाक, जुलैत तहसीलला पाय ठेवायला जागा नसते.

बाबांना एक गोष्ट सांगून बघ. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे सुधाकरराव नाईक १९९१ ते ९३ मुख्यमंत्री होते, त्यांनी जलसंधारणाचं स्वतंत्र खातं उभं केलं. तीसेक वर्षं झाली, तेवढे बांध झाले, तेवढे चर खोदले गेले, पण पाच वर्षांनी परत जाऊन बघणारं कोणी नाही म्हणून निम्मे गाळाने भरलेले मी स्वतः मोजलेत माझ्या भागात. काम संपलेलं नाही, आणि तुझ्या बाबांच्या वावराच्या खाली जो नाला आहे त्यातही एखादा असेल, त्यांनाच विचार कधी बांधला आणि आता किती पाणी धरतो.

शेवटचा प्रश्न, मुलीला जमतं का. माझ्या टीममध्ये आत्ता तीन मुली आहेत. समतल रेषा काढायला आम्ही हायड्रोमार्कर वापरतो, दोन काठ्या, मध्ये पाण्याची पारदर्शक नळी, दोन्हीकडे पाणी सारख्या आकड्यावर आलं की ते दोन बिंदू एका पातळीत. नळीत एक बुडबुडा राहिला तरी आकडा चुकतो, चर तिरका जातो आणि पहिल्या पावसात एका टोकाला फुटतो. ती नळी टिचकी मारमारून बुडबुडा काढायचा धीर माझ्या अनुभवात त्या तिघींना सगळ्यात जास्त आहे. आणि शिवारात बाया निंदायला बसलेल्या असतात त्यांच्याशी जे बोलणं या मुलींचं होतं ते माझं कधीच झालं नाही, विहीर कोणत्या महिन्यात आटते, जळण कुठून आणावं लागतं, हे त्याच सांगतात. अडचणी आहेत. दिवसभर टेकडीवर बाथरूमची सोय नसते, सोबत कोणीतरी लागतं, संध्याकाळची एसटी चुकली की पंचाईत, आणि काही ऑफिसात मुलीला मुद्दाम टेबलावर बसवून ठेवतात, माझ्या एका सहकारी मुलीला दोन वर्षं फक्त टायपिंग दिलं होतं, ती भांडून फील्डवर आली. तू टू-व्हीलर शिकून घे, चांगले बूट घे, पाण्याची बाटली आणि मीठ-साखर सॅकमध्ये ठेव, आणि पहिल्या पोस्टिंगलाच स्पष्ट सांग की मला फील्ड पाहिजे. ऑप्शन फॉर्म भरताना तीन शाखांचा क्रम काय लावला ते कळव, चुकतंय वाटलं तर सांगतो. बरणी मात्र आजच अंगणात ठेव, पाऊस आठवड्याभरात येईल.